लेखकानेच भरावे

—छे हो, शोधात 'श्रवण' टाकून काय मिळणार? 'कान' टाका, 'बहिरेपणा' टाका, काही येणार नाही. 'अन्न' टाका. हसू नका, टाका तर! आलं ना? 'कारखान्याच्या आवाजाचा मुलांच्या कानांवर परिणाम' — आणि विषय काय, तर अन्न! का? अहो, विषयांची यादी उघडली की पहिला शब्दच 'अन्न'. संशोधन संगणकावर चढवणाऱ्यांना दिवसाकाठी ढीग उपसायचा असतो, कोण यादीत खाली उतरत बसतंय? अर्धं ग्रंथालय अन्नात बुडालंय. उरलेलं ज्याच्या त्याच्या मर्जीनं — एक विभाग 'ध्वनी' म्हणतो, दुसरा 'गोंगाट'. सगळं खुलं, फुकट, अख्ख्या जगासाठी — आणि शोधायला गेलं की आंधळी कोशिंबीर!

काय? हो, दिसतंय मला. 'पुनर्वापराची परवानगी' कोरी आहे, म्हणून तुमचं अहवालासाठी आकडे गोळा करणारं यंत्र हे उचलणार नाही. पण पहिलं पान वाचा ना — 'ही मोजमापं कुणीही वापरावीत', स्वच्छ लिहिलंय. — यंत्र पान वाचत नाही. बरं. तुम्हीच भरा म्हणाल, तर रकान्याखाली बघा: लेखकानेच भरावे. आणि लेखक... गेले. संगणकावरचं त्यांचं खातंही ऑफिसनं आठवडाभरात बंद केलं, त्या बाबतीत मात्र भारी तत्परता! वारस म्हणून अर्ज केला, तर ग्रंथालयाची समिती म्हणते, अर्जाच्या नमुन्यात वारसाची सोयच नाही. — वारस कोण म्हणजे? मी, आणखी कोण! ह्यांचंच आहे ते. शाळेशाळेत जाऊन एकेका पोराचे कान तपासायचे हे, शेवटी शेवटी धाप लागायची तरी. पुरे आता, म्हणायचे मी. तर म्हणायचे, "अगं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." राग यायचा मला. अजून येतो.

छापून देऊ का? ...नाही, कळलं. नुसतं वाचून काय करणार, आकडे घेता येत नाहीत. नियम तुमचाही बरोबरच आहे, तुमच्यावर कशाला चिडू? पण अहवालात काय लिहाल — या कारखान्याजवळच्या मुलांचे कान कुणी तपासलेच नाहीत. आणि ते वाचून कारखाना आहे तसाच धडधडत राहील.

खाली काय बघताय? लिहा. 'उपलब्ध नाही' लिहा. फक्त माझ्यासमोर नको — बाहेर बाक आहे, तिथं बसून लिहा. जा.