पाचाडच्या माकडाचं नख

तुम्ही पाचाडच्या माकडांना हसता, पण त्यांच्यामुळे मी नातीच्या बारशाला मुकलो.

संशोधनासाठी वाढवलेल्या माकडांचं रक्त तपासणं ही माझी नोकरी होती. नवं माकड आलं की आधी एकटं ठेवायचं. पहिली तपासणी निर्दोष आली तरी भरवसा नाही, कारण विषाणू रक्तात उशिरा दिसतो. दुसरीही निर्दोष आली, तरच ते कळपात सोडायचं.

बारशाच्या आठवड्यात पाचाडला एका माकडाने माझ्या बशीतली भजी पळवली आणि हातावर ओरखडा उठला. असा विषाणू ओरखड्यातून माणसालाही लागतो, म्हणून मी घाबरून साबण मागितला, तर हॉटेलवाला म्हणाला, "अवो डॉक्टर, नखच लागलंय. हळद लावा नि गरम च्या घ्या!"

मी माझं रक्त माझ्या जुन्या प्रयोगशाळेत पाठवलं आणि महाडच्या घरी वरच्या खोलीत दार लावून बसलो. मुलगी मुंबईहून बाळाला घेऊन आली. नातीला मी अजून पाहिलंही नव्हतं.

पहिला रिपोर्ट निर्दोष आला. मुलगी दाराबाहेरून म्हणाली, "बाबा, आता तरी खाली या. पाळण्याला हात लावा."

"दुसरा येऊ दे गं."

खाली गाणी झाली, नाव ठेवलं गेलं. माझ्या वाटच्या घुगऱ्या दाराशी आल्या.

दुसराही निर्दोष आला, तोवर ती बाळासह नवऱ्याकडे दुबईला गेली होती. मी तिला फोनवर सांगितलं.

"तुमची माकडं बरी, बाबा," ती म्हणाली. "त्यांचा कळप तिथेच थांबलेला असायचा."