कपाटाचा बांध

आता सांगताना हसतोय, पण तेव्हा मान वर करायची सोय राहिली नव्हती. आमच्या सांगलीच्या कॉलेजात ‘मानवी हक्क आणि शांतता’ हा नवा अभ्यासक्रम आला. कायद्याचे पवार सर आणि समाजशास्त्राचा मी, दोघांनी मिळून शिकवायचा. जमलं नाही तर बंद करू, असं प्राचार्यांनी बजावलेलं. दोघांना खोली एकच, मधे लोखंडी कपाट. सुट्टी लागली की पवार ते चार बोटं माझ्या बाजूला सरकवायचे. मीही कमी नव्हतो, पाच बोटं परत ढकलायचो. शेवटी बोलणंच बंद झालं. निरोप शिपायाकरवी.

मुलांना एक काम दिलं होतं. ओळखीतलं बांधाचं भांडण निवडायचं, दोन्हीकडं चहा घ्यायचा, मगच अहवाल लिहायचा.

शिराळ्याची एक मुलगी आम्हा दोघांसमोर वाचायला लागली, "बांध लोखंडी आहे. दोन्ही बाजू म्हणतात, आधी समोरच्याने कोरला."

पवारांचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. आठवड्यापूर्वीच तिनं माझ्याकडं चहा घेतला होता आणि मी पोटातलं सगळं बोलून बसलो होतो. पवारही बोलून बसले होते, हे आत्ता कळलं.

शेवटचं पान कोरं होतं. पवारांनी कसंबसं विचारलं, "आणि तोडगा कुठाय?"

"आवं सर, तोडगा बाहेरच्यानं लिहायचा न्हाई, ज्यांचं भांडण त्यांनीच काढायचा. तुमी दोघांनीच शिकवलंय की."