हिर्डोशीचा सत्कार

...नाही, तुम्हीच सांगा, एखाद्या निवृत्त बाईला सकाळी सकाळी फोन येतो की, ‘बाई, तुमी आमच्या गावाला या, तुमचं लई काम हाय, तुमाला बोलायचंय,’ तर ती बाई काय समजेल? सत्कार समजेल ना? शाल, श्रीफळ, चार शब्द. मी तेच समजले. इथंच चुकले.

तुम्हाला सांगते, मी वनिता रणपिसे. सरकारी टीव्हीवर एकतीस वर्षं नोकरी केली. निर्माती. शेतकऱ्यांसाठी जो कार्यक्रम लागायचा ना संध्याकाळी साडेसहाला, तो विभाग. निर्माती म्हणून लागले आणि एकोणतीस वर्षांनी एक बढती मिळाली, ती हातात येईपर्यंत निरोपाचा हार गळ्यात पडला म्हणा ना. लग्न राहून गेलं. म्हणजे नाकारलं वगैरे काही नाही, प्रत्येक वेळी पाहुणे यायचे त्या दिवशी माझं शूटिंग असायचं. आणि निवृत्त झाल्यावर आले आपल्या भोरला परत, एसटी स्टँडच्या मागं दोन खोल्या घेतल्या, आणि तिथपासून हे एकच चाललंय... घरमालकीण विचारते, भाजीवाली विचारते, वडील एसटीत होते, त्यांच्या वेळचे डेपोतले लोक विचारतात, ‘टीव्हीवर होता म्हणे? आम्ही कधी बघितलं नाही तुम्हाला.’ अहो, मी दिसत नव्हते, मी करत होते! बरं, नाव तरी येत होतं का? यायचं, अगदी शेवटी. पण शेवटी म्हणजे कधी, तर लोक जेवायला उठतात तेव्हा. आणि तेही चुकीचं, रणपिशे. दोनदा अर्ज केला दुरुस्तीचा, तर पुढच्या भागात वनिता चुकलं.

आणि निर्माती हा शब्द तरी कुणी काढला? घरमालकिणीला वाटलं मी मालिका काढते. तिच्या भाचीला काम द्या म्हणाली. मी म्हटलं अहो, मी नाचणीवर काढलंय, आंबेमोहोरावर काढलंय, शेळीच्या खुरांवर दोन भाग काढलेत. तेव्हापासून बिचारी जिन्यात भेटली की लगबगीनं वर जाते.

तर अशात हा फोन. हिर्डोशीहून. ठकुबाई नावाच्या बाई. म्हणाल्या, सत्त्याण्णव साली तुमी आमच्याकडं नाचणीचं टीव्हीत घ्यायला आला हुता, म्या बोलले हुते त्यात. नंबर कुठून मिळवला, तर त्यांचा मुलगा पुण्यात असतो, त्यानं केंद्रावर चार फोन करून. माझ्यासाठी कुणीतरी चार फोन केले! मी त्या आनंदात काय काम आहे हेसुद्धा विचारलं नाही हो. चार पानांचं भाषण लिहिलं. नारायणपेठ साडी काढली, ती पण इस्त्री करून, आणि नवी चप्पल. कारण नवी चप्पल घालून जायला ठिकाणच नव्हतं ना दुसरं कुठलं.

सकाळच्या गाडीनं निघाले. देवघरच्या धरणाच्या कडेकडेनं गाडी चाललीय आणि मी खिडकीशी बसून पुटपुटतेय, ‘मान्यवर सरपंच आणि उपस्थित ग्रामस्थ’... कंडक्टर दोनदा मागं वळून बघून गेला. फाट्यावर उतरले. वर बघते तर मंडप नाही, फलक नाही, स्पीकर नाही. म्हटलं, आत असेल, शाळेत. चढून गेले, नव्या चपलेनं पाय गेला सोलून, आणि ओळीनं दहाबारा घरं, सगळ्यांना कुलपं. दोनच दारं उघडी. एका दारात ठकुबाई. सत्तरीच्या पुढच्या, बारीक झालेल्या. मला बघितलं आणि म्हणाल्या, ‘बाई, आधी च्या घ्या, मग तुमी काय केलंय त्ये सांगते.’

गुळाचा कोरा चहा. घोट घशात, आणि ऐकते तर काय!

आता त्या शूटिंगचं मला आठवत होतं ते एवढंच, की दुपारी तीनलाच डोंगराची सावली रानावर आली आणि कॅमेरामन ओरडायला लागला, उजेड चालला, उजेड चालला. ठकुबाईंचं रान सावलीत गेलेलं, शेजारच्या रानात मात्र ऊन, आणि नाचणी अशी कणसांनी वाकलेली. मी म्हटलं असणार, मावशी, जरा तिकडं उभ्या राहा. त्या म्हणाल्या होत्या म्हणे, त्ये भावजींचं हाय, आमचं न्हवं. आणि मी म्हणाले होते, दोन मिनिटं हो, कुणाला कळतंय!

कुणाला कळतंय. आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं वाक्य. ह्या वाक्यावर मी एकतीस वर्षं काढली. शिवऱ्यातली शेळी मावळातली म्हणून दाखवली, कुणाला कळलं नाही. पण हिर्डोशीत कळलं, कारण हिर्डोशीतला प्रत्येक बांध हिर्डोशीला पाठ आहे! शाळेत एकच टीव्ही, बांबूवर अँटेना, निम्म्या चित्रात मुंग्या... तरी अख्ख्या गावाला त्या मुंग्यांतून दिसलं, की ठकुबाई गेनबाच्या रानात उभी आहे आणि म्हणतीय, ह्ये माझं रान. हे गेनबा म्हणजे त्यांचे चुलत दीर. घराला घर, भिंतीला भिंत. ते मधूनच उठून गेले. दुसऱ्या दिवशी दोन्ही अंगणांच्या मध्ये काट्यांचं कुंपण घातलं आणि बोलणं बंद. किती वर्षं? सत्तावीस! लोक म्हणाले, ठकीचा जमिनीवर डोळा आहे. ठकुबाईंचे मालक वारले, तेव्हा गेनबा आले, लांब उभे राहिले, आणि एक शब्द न बोलता गेले. आणि मी? मी त्या भागाची एक प्रत उत्कृष्ट निर्मितीच्या स्पर्धेला पाठवली होती.

ठकुबाई म्हणाल्या, पोरं पुण्याला गेली, भावजींची बायको सखूबाई बी वारली, आळीत दोन दारं उघडी राहिली आणि ती दोन बी एकमेकांशी बोलत न्हाईत. मागल्या पावसात ताप आला तर तीन दिवस पडून होत्या. भिंतीपलीकडं भावजी खोकलेले ऐकू येत होते. हाक मारावीशी वाटली, पण मारता आली नाही. ‘तुमी भावजींना फकस्त येवढं सांगा बाई, की उभी ऱ्हा म्हून तुमी सांगितलं.’

मी उठले. आता अंगणातून अंगणात बारा पावलं, पण मध्ये ते कुंपण, म्हणून आम्ही दोघी देवळाला वळसा घालून, अख्खी आळी फिरून, शेजारच्या घरी गेलो. नारायणपेठ साडीत. लंगडत.

गेनबा ओट्यावर दोर वळत बसले होते. ऐंशीच्या पुढचे. मान वर केली नाही. आणि तुम्हाला सांगते, इतक्या मोठमोठ्या लोकांपुढं माईक धरलाय मी, पण त्या माणसापुढं माझी जीभ वळेना. शेवटी तोंडातून काय निघालं, तर पाठ केलेलं... ‘मान्यवर आणि उपस्थित’... ठकुबाईंनी माझा पदर ओढला. मग मी सांगितलं सगळं. सावली, उजेड, दोन मिनिटं. चूक माझी, ह्यांची नाही.

दोर वळायचा थांबला. गेनबा म्हणाले, ‘मला ठावं हाय. म्या तिथंच हुतो.’



मग ते सांगत गेले, हळूहळू, दोराकडंच बघत. म्हणाले, तुमी आदल्या दिशी जागा बघाय आला हुता. कुणाचं रान म्हून इचारलं, म्या म्हनलं माझं, तुमी म्हनला झकास हाय, उद्या हितंच करू. आणि हा माणूस त्या रात्री झोपला नाही. सकाळी दाढी केली, मुलाच्या लग्नातला फेटा बांधला, बायकोला नवं लुगडं नेसवलं, सासुरवाडीला शिवऱ्याला निरोप धाडला की आमी टीव्हीत येनार. सकाळपासून रानात उभे, आणि आम्ही गाडी लावली ती ठकुबाईंच्या बांधाला. आणि दुपारी तीनला, उजेड चालला तेव्हा, एक बाई त्यांना म्हणाली, बाबा, जरा बाजूला व्हा, सावली पडतीय तुमची.

ती बाई मी.

ते बाजूला झाले. ठकुबाई त्या रानात यायच्या आधीच आंब्याखाली जाऊन थांबले, की आता बोलावतील. त्यांच्याच रानात ठकुबाई बोलल्या, आम्ही सामान आवरलं, गाडी गेली. तरी शाळेत बघायला गेले म्हणे, कुठंतरी कडंला तरी आलो असंल. नव्हते आले. सासुरवाडीचे लोक नंतर कितीतरी वर्षं विचारायचे, दाजी, कुठं हुता तुमी त्यात?

मी म्हटलं, अहो, मग राग माझ्यावर धरायचा, ह्यांच्यावर का? तर म्हणाले, ‘टीव्हीवर रागवून काय करू? टीव्ही काय शेजारी ऱ्हातो? ही शेजारी ऱ्हात हुती.’

मला तो माणूस आठवतच नव्हता हो! कॅमेरा आठवत होता, उजेड आठवत होता, त्या दिवशी डब्यात वांग्याची भाजी होती हे आठवत होतं. गावोगाव सांगत फिरते, मी दिसत नव्हते, मी करत होते... आणि करत काय होते, तर हे.

मी पर्समधून मोबाईल काढला. म्हटलं, बाबा, चला रानात, आत्ता घेते तुमचं. त्यांनी दोर खाली ठेवला. मग आत गेले. बराच वेळ झाला तरी येईनात. मला वाटलं, आतून कडी लावतात. तर बाहेर आले ते फेट्याचं कापड हातात घेऊन. पीळ घालायला लागले, पण कापड ओट्यावर लोळतंय, एकट्याला सावरता येईना. मी पुढं झाले, तर माझ्याकडं बघितलंच नाही. ठकुबाई तिकडं खांबाला टेकून उभ्या होत्या, पायाच्या नखाकडं बघत.

‘ठकू,’ ते म्हणाले, ‘टोक धर.’

सत्तावीस वर्षांनी पहिला शब्द, तो हा. ठकुबाईंनी टोक धरलं. आणि त्या रडल्या वगैरे नाहीत बरं का. म्हणाल्या, ‘कापाड कसर लागून गेलंय समदं. उन्हात घालाय काय हुतं?’ बस, सुरू. रानापर्यंत त्यांना कसरीवरूनच बोलत होत्या.

रानात आता नाचणी नाही, पडीक, गवत. आणि सावली पुन्हा डोंगरावरून खाली यायला लागलेली! आता माझ्याकडं कॅमेरामन नाही, उजेड परतवायचा पांढरा पत्रा नाही, कुणी नाही. ठकुबाई घरी जाऊन भाकरीची परात घेऊन आल्या. परात अशी तिरकी धरली की गेनबांच्या तोंडावर ऊन. इतका चांगला उजेड मला नोकरीत कुणी दिला नव्हता.

मी म्हटलं, बोला. गेनबा फेटाच चाचपत राहिले. सत्तावीस वर्षं साठवलेलं, आणि शब्द फुटेना. परात धरून ठकुबाईंचे हात भरून आले. मग ते म्हणाले, ‘म्या गेनबा. हिर्डोशी. ह्ये रान माझं हाय.’ थांबले. बांधापलीकडं हात केला. ‘आन् त्ये हिचं हाय.’

दोन मिनिटं चाळीस सेकंद. त्यातली दोन मिनिटं नुसताच फेटा दिसतो.

निघताना मी स्पष्ट सांगितलं, बाबा, हे टीव्हीवर लागेल असं नाही हां, मी निवृत्त आहे, माझं आता कुणी ऐकत नाही. ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या, लागंल तवा लागंल. तरी भोरला आल्यावर मी केंद्रावर फोन केला. माझ्या जागेवर आता कुणी कायम माणूस नेमलेलाच नाही, करारावरची एक मुलगी आहे, गोड बोलते. तिनं बघितलं आणि म्हणाली, ‘मॅडम, उभं शूट केलंत? आडवं लागतं ना.’ एकतीस वर्षं, आणि मोबाईल आडवा धरायचा विसरले मी! फेटा मावत नव्हता हो.

तर आता काय होतं, सांगते. रोज संध्याकाळी साडेसहाला फोन वाजतो. ठकुबाई लावून देतात, कुंपण काढलंय, दोघं एका ओट्यावर बसलेले असतात. गेनबा विचारतात, ‘बाई, आज हाय का?’ मी म्हणते, नाही बाबा, आज नाही. ते म्हणतात, ‘बरं, मग उद्या बघू.’ लागणार नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे, मी चारदा सांगितलंय. मग अर्धा तास बोलतो आम्ही. गवत कापलं का, गाडी आली का, गुडघा कसा आहे. मी सहापासूनच भाजी आवरून बसते. परवा फोन सात मिनिटं उशिरा आला, तर मी रागावले त्यांच्यावर.

एकतीस वर्षांत, तुम्हाला सांगते, इतका नियमित प्रेक्षक मला कधी मिळाला नाही. मिळाला तो कधीच न लागणाऱ्या कार्यक्रमाला... चालायचंच.