मोज्यावर मोजा

जर्मनमध्ये ओरडू नकोस माझ्यावर, केया. ओरडायचंच असेल तर मराठीत ओरड, आजीच्या घरात भांडण मराठीत होतं. आणि कळत नाही असं समजू नकोस — ‘लास मिश इन रूए’ म्हणजे ‘मला सोड’, हे मला तू जन्मायच्या आधीपासून येतं. सातवी शिकलेली बाई मी, पण कुठल्या वर्गात गेले नाही, टीव्हीवरच्या खुनाच्या मालिका बघून जर्मन शिकले — म्हणून तर पाव ताजा आहे का एवढं विचारलं तरी बेकरीतल्या बाईला वाटतं आपल्याला अटक होणार. हसू नकोस. नाही, हस. हसलीस तर बरंच आहे.

तर काय म्हणत होतीस? सोमवारपासून एश्बॉर्नला, बापाच्या ओळखीनं, काचेच्या इमारतीत खुर्चीवर बसायचं. आणि सरकारी दवाखान्यातली जागा? साखरेच्या रोग्यांचे पाय बघायचा तो विभाग — ज्याच्यासाठी आउसबिल्डुंग, ते कामाचं शिक्षण केलंस, परीक्षा दिलीस, बापाशी बोलणं टाकलंस — तिथं उद्या फोन करून ‘येत नाही’ सांगायचं? आणि ही हत्यारांची पेटी माझ्या कपाटावर, जुन्या कुकरशेजारी ठेवून जायची? वा गं वा. उत्कर्ष जेव्हा म्हणाला, ‘माझी मुलगी लोकांची नखं कापणार?’, तेव्हा कोण उभं राहिलं तुझ्यामागे? मी. म्हटलं, तू लोकांच्या कॉम्प्युटरमधली घाण काढतोस, ती पायाची काढेल, निदान समोरून कुणी ‘डांके’ म्हणून तिचे आभार तरी मानेल. पोटच्या पोराला बोलले मी. आणि आता तू त्याच्याच गाडीत बसून जाणार.

काय? पुन्हा तेच. ‘मी आजोबांना वाचवू शकले नाही.’ हो, हो, गेनाऊ, अगदी बरोबर — नाही वाचवू शकलीस. कोण वाचवणार होतं त्या माणसाला? अख्खा जन्म कारखान्यात लोखंडी टोकाच्या बुटांत उभा राहिला, आणि घरी आला की मोजे. उन्हाळ्यातही मोजे. मग मोज्यावर मोजा. पाडव्याला तू नमस्काराला वाकलीस, तुझा हात त्यांच्या पावलावर राहिला — नेहमी टेकवून उचलतेस तसा उचलला नाहीस, मी बघत होते ना, हातात श्रीखंडाची वाटी घेऊन बघत होते. तुला कळलं होतं. मोजा ओला होता, गरम होता. ‘आजोबा, दाखवा,’ म्हणालीस, तेही मराठीत, इतकं नीट मराठी तू आयुष्यात बोलली नव्हतीस. आणि त्यांनी पाय मागे घेतला. नातीच्या मांडीवर पाय ठेवायचा? पोर म्हणजे घरातली लक्ष्मी, लक्ष्मीला पाय लावायचा? चुकून कुणाला पाय लागला तर बोटं कपाळाला लावणारी माणसं आम्ही — त्यांना वाटलं ते तुझा मान राखतायत. मानच राखत होते, केया. त्या मानापायी पाय सडला.

रडू नकोस. बरं, रड.

तू सांगायचीस ना तो तुर्की म्हातारा — तुझ्या शिकाऊ दिवसांतला — खुर्चीत बसला की आधी पायांबद्दल माफी मागायचा? आणि तू म्हणायचीस, ‘हे पाय तुम्हाला इथपर्यंत घेऊन आलेत, माफी कशाची?’ ते मी आजोबांना सांगितलं होतं. म्हणाले, ‘तो परका आहे, त्याला चालतं.’ परक्याला चालतं! मग पाय गुडघ्याखाली कापला, आणि तू दवाखान्यात आलीस, आणि सवयीनं वाकलीस नमस्काराला, दोन्ही हात चादरीवर — एक हात पावलावर पडला आणि दुसरा गादीवर. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. पण ऐकलं मी. ‘उरलेला बघ आता,’ म्हणाले. आणि दुसरा पाय चादरीतून बाहेर घेऊन तुझ्या मांडीवर ठेवला. स्वतःहून. तू नखं कापलीस, टाचेला मलम लावलंस, आणि ते बाळासारखे झोपले. गेलेच पुढे, रक्तात विष भिनलेलं होतं, ते काय तुझ्या हातात होतं? पण पाय दिला त्यांनी तुझ्या हातात. जाण्याआधी दिला. हे तू विसरलीस, आणि मागे घेतलेला तेवढा लक्षात ठेवलास.

कुठं बघतेस? वर बघ, बोलतेय मी. फरशीवर बीट किसताना सांडलं, त्याचा डाग आहे तो. आहेत, एकावर एक दोन मोजे आहेत, मग? गार पडते फरशी. मे महिना असू दे, माझे पाय आहेत, मी ठरवीन मेमध्ये काय घालायचं. साखर? साखर मलाही आहे, म्हणजे काय, या घरात चहातसुद्धा होती. तू जा ना एश्बॉर्नला. गाडी खाली उभी असेल, उत्कर्षला थांबायला आवडत नाही. जा. इथं बसणाऱ्या म्हातारीला दवाखान्यात कुणीतरी भेटेलच — कुणी परकी — परक्याला चालतं —

दुखत नाही. तेच तर. काही लागलेलं कळलंच नाही मला, सपातेत सकाळी बघितलं तेव्हा — बीट नाही ते. बीट मी या आठवड्यात आणलेलंच नाही.

सांगणार होते. नाही, नव्हते सांगणार. तू गेल्यावर दार लावून घेणार होते. त्यांना शहाणपण शिकवणारी मी, त्यांचाच मोजा चढवून बसले — हा आतला, करडा, त्यांचाच आहे. टाकवला नाही गं मला.

बॅग ठेव तिथं. कुकरशेजारची पेटी काढ, माझा हात पोचत नाही. दिवा इकडे ओढ. ये, बस खाली — नाही, नमस्काराला नाही — तशी बस, तुझ्या कामाला बसतेस तशी. आणि ऐक, केया: मी पाय मागे घेईन, ओरडेन, शिव्यासुद्धा घालीन — सोडू नकोस.