अस्वलाची सहा सफरचंदं

...नाही, तुम्हीच सांगा, वाघ आणि हरीण एका ताटात जेवतात? जेवतात का कुठे? पण या पुस्तकांत जेवतात! तेही हसत हसत! हरीण म्हणतं, 'वाघदादा, अजून एक घास घ्या ना...' अरे बाबा, दादा कुणाला म्हणतोस, तो घास म्हणजे तूच आहेस! पण नाही, चार वर्षांच्या पोरांना हेच शिकवायचं. मैत्री करा, गळ्यात गळे घाला, वाटून घ्या. वाटून घ्या म्हणे!

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी ही असली पुस्तकं बांधतोय. बाइंडर आहे मी. वाटून घेणारा ससा बांधला, वाटून घेणारी खार बांधली, एकदा तर वाटून घेणारा ढग बांधला! ढगानं काय वाटायचं, कपाळ? आणि विकत घेतात कोण? ज्यांच्या घरात दोन भावंडं एका बाहुलीचे दोन पाय धरून ओढतायत, ते! पुस्तक वाचून झालं की त्या पुस्तकासाठी ओढाओढी... डोळ्यांनी पाहिलंय मी, माझ्याच घरात.

आता हे अस्वल. अस्वलाकडे सहा सफरचंदं. अर्धं पुस्तकभर एकटंच बसलंय आणि म्हणतंय, 'ही सगळी माझी!' मग एकेक मित्र येतो, अस्वल एकेक सफरचंद देतं, शेवटी एकच उरतं आणि म्हणे अस्वलाला इतका आनंद कधी झालाच नव्हता. सोळा पानं. दोन फर्मे. फर्मा म्हणजे मोठा छापील कागद हो, घड्या घातल्या की त्याची आठ पानं होतात. पहिला फर्मा वर, दुसरा खाली, शिवायचं, पुठ्ठा चिकटवायचा, झालं पुस्तक. आणि पानांवर आकडे? नाहीत! लेखिकाबाईंनी काढायला लावले. 'आकड्यांनी चित्राची शोभा जाते हो!' गेली ना मग शोभा... सांगतो, ऐका.

माझ्या टेबलावर आम्ही दोघं. मी आणि गोंदोबा. खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवतं की नाही देव जाणे, हाताला सदा गोंद म्हणून गोंदोबा. मी पहिल्या फर्म्याच्या घड्या घालणार, तो दुसऱ्याच्या; मग मी ते एकावर एक रचणार आणि तो शिवणार. घडी दाबायला माझ्याकडे हाडाची पट्टी आहे. माझ्या उस्तादांनी जाताना दिलेली. हाताला घासून घासून लोण्यासारखी झालीय! गोंदोबाकडे काय? शाळकरी पोराची प्लास्टिकची फूटपट्टी. तर त्या दिवशी हा म्हणतो, 'अरे, जरा पट्टी दे ना, मनगट भरून आलंय.' मी म्हटलं, 'हात धू आधी.' म्हणतो, 'धुतलेत.' मी म्हटलं, 'बावीस वर्षांत कधी?' भडकला हो! 'ठेव, उशाशी घेऊन झोप तुझं हाड!' म्हणाला. हाड! उस्तादांच्या पट्टीला हाड!... म्हणजे आहे हाडच, पण म्हणायचं असतं का?

अबोला. कडकडीत. आम्ही बसतो समोरासमोर आणि मला तर त्याचं तोंडही बघायचं नव्हतं, म्हणून स्टूल उचललं आणि टेबलाच्या पलीकडे, त्याच्याच बाजूच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसलो. इथेच घात झाला. बावीस वर्षांची सवय माझी, डाव्या हाताचा गठ्ठा वर, उजव्या हाताचा खाली. मी फिरलो, गठ्ठे थोडेच फिरले? डावं झालं उजवं! तीन हजार पुस्तकं, तीन हजार, मी शेवट आधी आणि सुरुवात मागे लावून रचली आणि तो मुकाट्यानं शिवत बसला!

कळलं कधी? पुठ्ठ्याला डाग लागलेली एक प्रत नातीसाठी घरी नेली. नात चार वर्षांची. वाचून दाखवतोय... सगळे मित्र सफरचंद खातायत, अस्वल आनंदी, मला वाटलं, लवकर आटोपलं बुवा. तर पुढे अजून पानं! आणि शेवटच्या पानांवर मित्र गायब, सहाही सफरचंदं अस्वलाच्या मांडीवर, 'ही सगळी माझी!' नात टाळ्या पिटत उड्या मारायला लागली. 'आजोबा, परत वाचा! त्यानं सगळी परत घेतली!' तिला आनंदाचं भरतं आणि मी पानं पुढून मागून चाळतोय... फर्मे उलटे! निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत हो माझ्या!

सकाळी धावत कामावर गेलो तर लेखिकाबाई हातात पुस्तक घेऊन आधीच हजर. 'माझं अस्वल! माझं अस्वल हावरट केलंत!' आणि मालक लालबुंद. 'मला एवढंच सांगा, चूक कोणाची? ज्याची असेल त्यानं उद्यापासून घरी बसायचं!' मी तोंड उघडलं. शप्पथ सांगतो, उघडलं होतं! तेवढ्यात गोंदोबा खाली मान घालून म्हणाला, 'दोघांची. अर्धी त्याची, अर्धी माझी.'

आता दोघांना घालवून मालक पुस्तकं शिवणार कोणाकडून? बाईंकडून? 'उसवा सगळी! पुन्हा शिवा!' म्हणाले आणि गेले.

मी त्याला विचारलं, 'अरे, अर्धी तुझी कशी? रचली तर मी!' तर म्हणतो कसा, 'मला पहिल्याच प्रतीला दिसलं होतं. पण अबोला होता ना, सांगणार कसं?' ऐकलंत? तीन हजार प्रती! याचा अबोला मोडेना! त्याचा गळा धरावासा वाटला... आणि खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. माझी नोकरी वाचवली त्या माणसानं. पट्टी काढली आणि टेबलाच्या बरोब्बर मधोमध ठेवली. म्हटलं, घे. दोघांची.

तीन आठवडे झाले त्याला. उसवतोय, शिवतोय. पट्टी? पट्टी त्याच्या खिशात! मागितली की म्हणतो, 'हात धू आधी.' काल पाहिली, तिला गोंद लागलाय आणि दोऱ्याचा तुकडा चिकटलाय. उस्तादांच्या पट्टीला! मी बसलोय शाळकरी पोराच्या फूटपट्टीनं घड्या दाबत... वाटून घ्या म्हणे!

अहो, त्या अस्वलाकडे निदान एक सफरचंद तरी उरलं होतं!