मापाला आलेला शर्ट

सोयरिकीचं बोलताय म्हणून आठवलं. आमच्या धाकटीचं लग्न ठरलं होतं, त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. होणाऱ्या जावयाला आहेरात शर्ट शिवायचा, म्हणून त्याच्या घरून, इगतपुरीहून, मापाला जुना शर्ट आला. नाशिकरोडच्या आमच्या टेलरने तो टेबलावर पसरला.

"तात्या, मुलगा अंगाने कसा आहे?"

"किडकिडीत."

"मग हा त्याचा नाही. यात दोघं मावतील."

माझ्या मनात आलं, दाखवला एक आणि बोहल्यावर उभा करणार दुसराच, असं तर नाही? घरी आलो तर पोरीच्या तोंडाकडे बघवेना. कुणाला काही न सांगता दुसऱ्या दिवशी इगतपुरी गाठली.

दार उघडलं ते त्या किडकिडीत पोरानेच. अंगात तसलाच ढगळ शर्ट. मी शर्टाकडेच बघत राहिलो, ते त्याच्या आईच्या लक्षात आलं.

"वाढतं अंग हाय ना त्याचं," ती म्हणाली. "आखूड पडाया नको."

पोरगा सव्वीस वर्षांचा. मला स्टेशनवर सोडायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "मामा, मुलगी बघायला आलो तेव्हाचा शर्ट मित्राचा होता. हा तरी माझ्या मापाचा शिवा. आईला सांगू, टेलर चुकला."