सगाइंगची होडी

(मंडालेजवळचं इन्वा. जुन्या राजधानीच्या पडक्या तटांमधून घोड्याचा टांगा चाललाय. मागे सान ल्विन आणि त्याची बायको तिन न्वे, पुढे म्हातारा टांगेवाला फो टोक.)

सान ल्विन : अजून किती विटा बघायच्यात?

तिन न्वे : सगळ्या. सकाळी अमरापुऱ्यातून अर्ध्यात पळ काढलास. इथं नाही चालायचं.

सान ल्विन : तिथं विटा, इथंही विटाच. ऊन बघ केवढं चढलंय. तिकडे नदीपलीकडे सगाइंगच्या विहारात भन्ते वाट बघत बसलेत.

तिन न्वे : बसू देत. त्यांना कुठं दुकान उघडायचंय? लग्नात कबूल केलं होतंस, एक दिवस काढून सगळ्या जुन्या राजधान्या दाखवीन म्हणून. परदेशातून माणसं विमानं करून येतात हे बघायला, आणि मी इथून हाकेच्या अंतरावर जन्म काढला तो दुकानात शेवयांच्या पातेल्यात डाव फिरवत. आज फिरव. मग भन्तेंसमोर म्हणते, जाऊ द्या याला, माझी परवानगी आहे.

सान ल्विन : आणि ऐन वेळी नाही म्हणालीस तर?

तिन न्वे : तर भन्ते वस्तरा हातात घेणार नाहीत. म्हणून तर गुमान हिंडतोयस माझ्यामागं. एरवी बाजारात माझी पिशवी धरायची लाज वाटते तुला.

सान ल्विन : भिक्षू व्हायला निघालेल्या माणसाशी असं बोलू नये. पाप लागतं.

तिन न्वे : लागू दे. तू पुण्य कमावणारेस ना ढीगभर, त्यातून वळतं कर.

फो टोक : ताई, उजवीकडं बघा जरा. तो मनोरा. भूकंपात कलला, तवापासनं तसाच हुभा हाय. आन् ही केळीची बाग दिसती न्हवं, हितं राजाचा वाडा होता.

तिन न्वे : मग वाडा कुठं गेला, काका?

फो टोक : उपटला की! सागवानी होता समदा. राजा निघाला अमरापुऱ्याला, तर खांब, तुळया, दारं, समदं हत्तीवर लादून घेऊन गेला. आमचं म्हातारं सांगायचं. पुढं तिथनं उपटून मंडालेला. ज्योतिषी बोलला की निघाली स्वारी.

तिन न्वे : ऐकलंस? तुझेच भाऊबंद सगळे.

सान ल्विन : माझा काय संबंध?

तिन न्वे : बदकं पाळलीस, तीही मोठी होईपर्यंत दम नाही धरला. मोटारसायकली दुरुस्त करायला बसलास, पाने गंजले. मग उत्तरेला खाणीत जेडचे हिरवे दगड खणायला गेलास आणि हिवताप घेऊन आलास. दर वेळी नवी राजधानी! राजे निदान राण्यांना सोबत घेऊन जायचे.

सान ल्विन : हे तसलं नाही. हे आयुष्यभराचं आहे. सांगितलंय तुला, एकदा चीवर अंगावर घेतलं की मी परत फिरणार नाही.

तिन न्वे : सांगितलंस की. भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या तोंडावर. मला म्हणालास, तुझ्या कटकटीला विटून संसारच सोडतो.

सान ल्विन : रागात बोललो. पण मन खरंच उडालंय.

तिन न्वे : आणि तुझी आई?

सान ल्विन : आई तर आनंदानं रडली. पोरगा भिक्षू होतोय म्हणजे आईला केवढं पुण्य!

तिन न्वे : पुण्य तिला, निर्वाण तुला, आणि ती अंथरुणाला खिळलेली, तर रात्री उठून तिला भांडं द्यायला मी. वाटणी झकास केलीस.

सान ल्विन : तुला सोडून दुसरं कुणी तिला हात लावलेला चालत नाही, त्याला मी काय करू?

तिन न्वे : का चालत नाही, ते कधी विचारलंस तिला?

फो टोक : भांडा, भांडा, माझी घोडी बहिरी हाय. पर दादा, आनंदाची गोष्ट की वं. वर्षावास तोंडावर आलाय, पावसाचं तीन म्हैनं विहारात ऱ्हायाचं, बेस मुहूर्त. म्या बी तीनदा थोड्या थोड्या दिसांसाठी भिक्षू होऊन आलो. बायको म्हणायची, जाऊन या, तेवढंच घरातलं तांदूळ वाचत्यात. तुम्ही किती दिवसांसाठी चाललाय?

सान ल्विन : बघू. सध्या वर्षावासापुरतं.

तिन न्वे : काय म्हणालास?

सान ल्विन : काही नाही. काका, जरा भरभर हाका.

तिन न्वे : काका, थांबवा टांगा. वर्षावासापुरतं म्हणालास तू. तीन महिने?

सान ल्विन : अगं, भन्तेच म्हणाले, आधी एक वर्षावास राहून बघ.

तिन न्वे : त्यांना कधी भेटलास?

सान ल्विन : झाले काही दिवस.

तिन न्वे : म्हणजे त्यांना ठाऊक होतं. या काकांनाही कळलं. फक्त मला आयुष्यभराचं सांगितलंस. का?

सान ल्विन : वाटलं, तू थांबवशील.

तिन न्वे : काय?

सान ल्विन : वाटलं, रडशील, नको जाऊ म्हणशील. एकदा तरी म्हणशील. तू काय म्हणालीस? एक दिवस फिरव आणि जा! बाईमाणसानं असं बोलावं?

तिन न्वे : रडले नाही मी? पंधरा दिवस रडत होते. चुलीपाशी रडले, माल आणायला जाताना सायकलवर रडले. तुझ्या आईनं पाहिलं. तू पलीकडं घोरत होतास. आणि मग एका सकाळी रडू आलंच नाही. वाटलं, ठीक आहे, जातोय तर जाऊ दे, मला जमेल. तुझे कपडे वाटून टाकले मी!

सान ल्विन : कुणाला?

तिन न्वे : माझ्या भावाला. तुझी ती निळी लुंगी त्याला शोभून दिसते.

फो टोक : ताई, पानी घ्या थोडं.

सान ल्विन : झालं ते झालं. तिन न्वे, ऐक. सोडून देऊ हे सगळं. भन्तेंना निरोप धाडतो. चल घरी. उद्यापासून दुकानात मी बसतो, खरंच.

तिन न्वे : किती दिवसांसाठी?

सान ल्विन : असं काय विचारतेस?

तिन न्वे : काकांनी विचारलं तेव्हा खरं बोललास. मी विचारलं की उलटा प्रश्न करतोस. काका, घाट किती लांब आहे?

फो टोक : ह्यो काय, चिंचांच्या पल्याड. होडी उभीच आसंल.

तिन न्वे : घ्या तिकडं.

सान ल्विन : अगं, पण मी नको म्हणतोय ना जायला! भन्तेंसमोर काय सांगणार आहेस तू?

तिन न्वे : की याला आयुष्यभरासाठी जाऊ द्या. संसार सुटला असं मी चारचौघांत म्हणेन. पुढं तू तिथं तीन महिने राहा नाहीतर तीन दिवस, ते तुझं तू बघ.

सान ल्विन : आणि आई?

तिन न्वे : ती माझ्याजवळ राहील. तुझ्यासाठी नाही. तिचं-माझं जमतं, म्हणून.

सान ल्विन : आणि मी परत आलो तर?

तिन न्वे : तर दारात उभा राहा आणि आत येऊ का विचार, परका माणूस विचारतो तसं. मग मी ठरवीन.

फो टोक : आला घाट. सावकाश उतरा ताई, चिखल हाय.

सान ल्विन : मी उतरणार नाही.

तिन न्वे : ऊठ. सकाळपासून माझ्यामागं लागला होतास ना? चल, होडीत बस. मला परवानगी द्यायचीय.